सरावाचं बाळ

३ जानेवारी, बुधवार

ही वही माझी नाही. आरोग्य केंद्रातल्या बाईने सुनेला दिली. म्हणाली, पहिलं बाळंतपण आहे, मनात येईल ते लिहीत जा, जीव हलका राहतो. सून म्हणाली, माझ्या मनात काही येत नाही. आठवडाभर वही खिडकीत पडून होती. कोरा कागद असा लोळत पडलेला मला बघवत नाही, म्हणून मी घेतली.

माझं शिक्षण तिसरीपर्यंतचं. मग उभा जन्म खालच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री केली. अक्षर वेडंवाकडं असेल, पण ओळ चुकायची नाही. आमच्या दोन खोल्या लाँड्रीच्या डोक्यावर आहेत. खाली मोठं मशीन फिरलं की फरशी थरथरते आणि फडताळातले पेले आपसात कुजबुजतात. पोरगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. घरी येतो तो झोपायलाच.

आमच्यासारख्या ओढगस्तीच्या घरांत केंद्र ही बाई पाठवतं. दर बुधवारी, फुकट. पोटुशी असल्यापासून मूल चालायला लागेपर्यंत. फुकट आहे म्हणून मी काही बोलत नाही. म्हणजे कमी बोलते.

१० जानेवारी, बुधवार

बाईने आज निळ्या पिशवीची चेन ओढली आणि आतून मूल काढलं. माझ्या हातातला कप सुटता सुटता राहिला.

रबरी डोकं, कापडी अंग, आत वाळू. वजन थेट नुकत्याच जन्मलेल्या पोराचं. मानेखाली हात धरला नाही तर डोकं मागे लटकतं. डोळे रंगवलेले, सताड उघडे. मिटायची सोयच नाही. डाव्या तळपायावर केंद्राचा निळा शिक्का.

"हे सरावाचं बाळ," बाई म्हणाली. "आंघोळ घाला, दुपट्यात गुंडाळा, खांद्यावर घ्या. खरं बाळ आलं की हे परत द्यायचं. धुऊन, पुसून, याच पिशवीतून."

"हरवलं तर?" सुनेने विचारलं.

"आजवर कुणी हरवलं नाही. शिक्का आहे ना. कुठेही गेलं तरी आमच्याकडेच येतं."

मग एक नियम सांगितला. हात लावायच्या आधी मुलाला सांगायचं. 'उचलते हं तुला.' 'कूस बदलते हं.' न सांगता हात लागला की मूल दचकतं म्हणे. बाई स्वतः त्या वाळूच्या गाठोड्याशीही तसंच बोलत होती.

मी म्हटलं, "मी तीन पोरं न सांगता उचलली. एकाचीही तक्रार आली नाही."

"बोलता येत नसेल तेव्हा त्यांना," बाई म्हणाली.

जिभेला धार आहे. चालेल.

१७ जानेवारी, बुधवार

सून शिकते पटापट. बाहुल्याला न्हाऊ घालताना कोपर पाण्यात बुडवून बघते, चेहरा झाकला जाणार नाही अशी दुपट्याची घडी घालते, पाठीवरच निजवते. बाईने वाहवा केली. सुनेचा चेहरा असा उजळला की मला जरा लाजच वाटली. या घरात आल्यापासून मी तिला शाबासकी दिल्याचं आठवत नाही. पण मी कुणालाच देत नाही, त्यात भेदभाव नाही.

तिला आई नाही. मावशीकडे वाढली. मावशी दर सुट्टीत विचारायची म्हणे, तुला न्यायला कुणी येणार आहे की नाही. हे तिने आज बाहुल्याला टॉवेलने टिपता टिपता सांगितलं. मला नाही, बाहुल्याला. मी आपली तिथे होते.

२६ जानेवारी, शुक्रवार

बाहुल्याचं तोंड मी भिंतीकडे करून ठेवते. ते उघडे डोळे जेवताना समोर नकोत. संध्याकाळी बघावं तर तोंड खोलीकडे. खालचं मशीन फिरतं, फरशी हलते, वाळू सरकते आणि डोकं वळतं. मला कळतं ते. तरी आज त्याच्यावर पातेल्याचं झाकण ठेवलं. सुनेने येऊन काढलं. म्हणाली, "आई, तोंडावर काही ठेवायचं नाही."

"अगं, तो श्वास घेतो का?"

"सवय मोडते," ती म्हणाली.

५ फेब्रुवारी, सोमवार

शुक्रवारी मुलगा झाला. बाळंतपण अवघड गेलं, पण दोघं घरी आली. काळा, सुरकुतलेला, आवाज भोंग्यासारखा. सगळा आमच्यावर गेलाय.

मुलांची अदलाबदल होऊ नये म्हणून दवाखान्यात पायाचे ठसे घेतात. डावा तळवा निळाच्या निळा करून हातात दिला. सुनेने घरी आल्यावर दुपटं सोडलं आणि त्या पायाकडे बघत बसली.

"हा शिक्का कुणी मारला?"

"दवाखान्याने. आणि शिक्का नाही, शाई लागलीय."

"तरीच," ती म्हणाली आणि दुपटं नीट बांधून टाकलं.

तरीच म्हणजे काय ते विचारायचं राहिलं. पोरगं तेवढ्यात किंचाळायला लागलं.

७ फेब्रुवारी, बुधवार

बाई आली. पोराला झोळीत घालून वजन केलं, नाळ बघितली. मग सुनेला विचारलं, झोप लागते का.

सून म्हणाली, "हा फार रडतो. तो नाही रडत."

बाईचा हात थांबला. "तो कोण?"

मी मध्ये पडले. "अहो, बाळंतीण आहे, अंगात ताकद नाही. काहीबाही बोलते."

बाईने माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. म्हणाली, "पुढच्या बुधवारी आपण दोघीच बोलू हं." एक फोन नंबर भिंतीवर चिकटवला. दिवसा केव्हाही करा म्हणाली.

ती गेल्यावर वरची शिलाईवाली बाळ बघायला उतरली. तिला मी म्हटलं, फार खोदून विचारते ही बाई. शिलाईवाली खुर्ची ओढून माझ्या कानाशी आली. "विचारणारच. आईचं डोकं ठिकाणावर नाही असं दिसलं ना, की केंद्रवाले मूल उचलून नेतात. माझ्या नणंदेच्या शेजारी घडलंय."

तिच्या नणंदेच्या शेजारी जगातलं सगळंच घडतं. पण ती गेल्यावर मी दाराची कडी दोनदा बघितली.

१२ फेब्रुवारी, सोमवार

सून आळशी झाली आहे असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. काम करते. पोराची दुपटी धुते, बाटली उकळते, वेळेला दूध देते. भाड्याच्या घराची फरशी पुसावी तसं सगळं स्वच्छ करते. पण उचलते ती मुकाट. तोंडातून चकार शब्द नाही. आणि आत गेली की बाहुल्याशी अखंड बोलणं. 'उचलते हं तुला. अंगावर घेते हं.'

आज पडदा बाजूला करून बघितलं तर तिने त्याला पदराखाली घेतलं होतं. अंगावरचं दूध वाळूच्या अंगात जिरत होतं. त्याचे डोळे माझ्याकडे.

मी म्हटलं, "अगं, खरा इकडे बाटली चोखतोय."

ती हळूच म्हणाली, "आई, ओरडू नका. आत्ता कुठे डोळा लागलाय."

मी पडदा सोडला. शाल काढून पांघरली. थंडी असेल.

१४ फेब्रुवारी, बुधवार

बाई म्हणाली, दोघीच बोलतो. मी म्हटलं, या घरात एकच धड खोली आहे, मी जाऊ कुठे, छपरावर? बसून राहिले. बाईने जे जे विचारलं त्याचं उत्तर मी दिलं. झोप? लागते. जेवण? दोन माणसांचं जेवते. मनात काही वेडंवाकडं येतं? आमच्या घरात कुणाच्या मनात काही येत नाही, ही वही त्यासाठीच पडून होती.

बाई म्हणाली, "आजी, प्रश्न यांना आहेत."

"ती माझीच सून आहे."

मग बाहुला मागितला. तो आत सुनेच्या अंथरुणात, चादरीखाली. मी सांगितलं, माळ्यावर टाकलाय, शिडी खाली लाँड्रीवाल्याने नेली आहे. तोंडाला आलं ते बोलले. सून खाली मान घालून बसली होती. एकदम म्हणाली, "परत द्यायचा आहे. मला माहीत आहे. मी विसरले नाही."

"घाई नाही," बाई म्हणाली.

"नाही कशी? तुमचं आहे ते."

बघा, म्हटलं मनात, किती शहाण्यासारखी बोलली. बाई मात्र जिन्यात थांबून माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "काही लपवू नका हं. मी शिक्षा करायला येत नाही." मी हात काढून घेतला.

१९ फेब्रुवारी, सोमवार

चार दिवस लिहिलं नाही कारण पेन सापडत नव्हतं. आज चादर बदलताना सुनेच्या उशीखाली मिळालं. टोपण नाही, आणि शाई अर्धी संपलेली. विचारलं, काय लिहीत होतीस? म्हणाली, काही नाही. वहीत तर तिचं अक्षर कुठेच नाही.

दुसरी कटकट पोराच्या पायाची. दवाखान्याची ती शाई जातच नाही. रोज साबणाने चोळते, तळवा गुलाबी होतो, दुसऱ्या दिवशी बघावं तर निळाच्या निळा. कसली शाई वापरतात देव जाणे. लाँड्रीत असती तर आम्ही असली चादर गिऱ्हाइकाला परतच केली असती.

पोराचा, म्हणजे माझ्या पोराचा, फोन आला होता.

"आई, ती कशी आहे? फोनवर बोलतच नाही."

"बरी आहे. तू रस्त्याकडे बघ."

"तू खरं सांगतेस ना?"

"मी कधी खोटं बोलले?"

तो हसला. लहानपणी मी मारलेल्या थापा त्याला आठवल्या असतील.

२१ फेब्रुवारी, बुधवार

बाईला दारातूनच परतवलं. म्हटलं, दोघं आत्ताच झोपलीत. बाई पायरीवर उभी राहिली, गेली नाही. म्हणाली, "पुढच्या वेळी मी एकटी येणार नाही. आमच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन येईन. फक्त बोलायला." दार लावलं, कडी तिसऱ्या खेपेला बसली. खालचं मशीन चालू होतं म्हणून.

शिलाईवाली म्हणते, डॉक्टर आणतात म्हणजे मूल न्यायचं ठरलं समज. काय करू? बुधवारपर्यंत सून ठिकाणावर आली पाहिजे. नाही आली तर पोराला घेऊन कुठेतरी जाईन. कुठे ते सुचत नाही. लेकी त्यांच्या सासरी; मला जागा नाही या दोन खोल्यांपलीकडे.

२५ फेब्रुवारी, रविवार

आज बरं लिहिण्यासारखं आहे. सुनेने आपणहून ती निळी पिशवी काढली. उलटी करून धुतली, आतली शिवण ब्रशने घासली, खिडकीत वाळत घातली. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "बुधवारी परत द्यायचं आहे ना. फार दिवस ठेवलं आपण. त्यांचं त्यांना देऊन टाकू म्हणजे आपलं आपल्याला राहील."

इतके दिवस मी याचीच वाट बघत होते. एक खूळ तरी गेलं. दुपारी बघितलं तर तिने बाहुल्याचा पायही घासून घासून साफ केलेला. शिक्क्याचा मागमूस नाही. केंद्रवाले ओरडतील त्यावर, पण ओरडू देत. बाहुला घरातून गेला की हिचं लक्ष पोरात लागेल.

पिशवी वाळली तेव्हा तिने आत मऊ दुपटं अंथरलं. म्हटलं, वाळूला एवढी गादी? तर म्हणाली, "वाटेत धक्के लागतात, आई."

२९ फेब्रुवारी, गुरुवार

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते, जसं झालं तसं.

काल सकाळी सून उठली, न्हाली, केस विंचरले. घरी आल्यापासून पहिल्यांदा. पोराला आंघोळ घातली, दूध पाजलं, ढेकर काढली. चेहऱ्यावर अशी शांती की मी म्हटलं, आता येऊ दे डॉक्टरणीला आणि तिच्या आजीलाही. बाईंना चहा लागेल म्हणून दूध आणायला खाली उतरले. लाँड्रीतल्या पोरींशी बोलत मुद्दाम जरा रेंगाळले, मला हलकं वाटत होतं ना.

वर येते तर जिन्याच्या तोंडाशी केंद्रातली बाई आणि मागे डॉक्टरीणबाई उभ्या. दारात सून, हातात निळी पिशवी.

"घ्या," सून म्हणत होती. "तुमचं तुम्हाला. धुऊन पुसून दिलंय. दूध आत्ताच पाजलंय. रडतो फार, पण काही तुटलं फुटलं नाही."

बाईने पिशवीला हात घातला. तिची ती खोड, ज्यावर मी मनसोक्त हसले होते. रिकाम्या वाळूलाही सांगणार. पिशवीकडे वाकून म्हणाली, "उचलते हं तुला."

पिशवीतून उचकी आली.

खाली मशीन फिरत होतं. माझ्या हातातली दुधाची पिशवी केव्हा पडली मला कळलं नाही. दूध पायरी पायरीने खाली चाललं होतं. बाई तिथेच पायरीवर बसली, पिशवी मांडीवर घेतली. चेन पूर्ण लावलेली नव्हती. वर चार बोटं उघडी ठेवलेली, बरोबर त्याच्या तोंडासमोर. बाईने उरलेली हळूहळू ओढली. आत माझा नातू. पाठीवर निजवलेला, चेहरा मोकळा, दुपट्याची घडी बाईने शिकवली तशी. एक पाय बाहेर आला होता. तळव्यावर निळी शाई, ओली. माझ्या पेनाची.

बाईने त्याला छातीशी घेतलं. मग सुनेकडे बघून म्हणाली, "किती छान सांभाळलंत."

"हो ना?" सून म्हणाली. "मला भीती वाटायची, काही झालं तर तुम्ही काय म्हणाल." आणि मग तिथेच बसून रडायला लागली. आतल्या खोलीकडे हात करून म्हणत होती, माझा उठेल आता, माझा उठेल.

डॉक्टरीणबाई तिच्याजवळ बसल्या. बाई माझ्याकडे आली. म्हणाली, "हे दुखणं आहे, आजी. बाळंतपणानंतर काही जणींना होतं. औषधाने जातं. पण आजच न्यायला हवं."

"आणि याला? याला नेणार तुम्ही कायमचं?"

"असं कोणी सांगितलं?"

मी वर शिलाईवालीच्या खोलीकडे बोट दाखवलं.

"आई आणि बाळ एकाच वॉर्डात राहतात," बाई म्हणाली. "वेगळं करण्यासाठी नाही, एकत्र राहता यावं म्हणूनच मी दर बुधवारी येत होते." पुढे काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मला उलट उत्तर देता आलं असतं.

४ मार्च, सोमवार

पोरगा ट्रक मालकाकडे टाकून आला आणि वॉर्डात तिच्याजवळ बसून आहे. माझ्याशी दोन वाक्यं बोलला. दोन्ही जेवणाबद्दल होती.

घरी मी एकटी. म्हणजे एकटी नाही. त्या गडबडीत बाहुला राहिला. सुनेच्या अंथरुणात, चादर छातीपर्यंत, अंगाला आंबट दुधाचा वास. शिलाईवाली चौकशीला आली होती. दारातूनच सांगितलं, नणंदेच्या शेजारी जा. मग धीर करून बाहुल्याला गोणत्यात कोंबायला गेले. हात पुढे केला आणि हात पुढे जाईना. तो बघत होता.

शेवटी तोंडातून निघालं, "उचलते हं तुला." मगच उचलता आला.

म्हातारी माणसं एकटी राहिली की असं होत असावं. बशा धुतानाही बोलतात काही जणी. गोणत्यात नाही घातला. खुर्चीत ठेवला, तोंड भिंतीकडे.

१० मार्च, रविवार

आज लाँड्री बंद. मशीन बंद, फरशी गप्प, पेले गप्प.

मी वॉर्डातून परत आले तेव्हा त्याचं तोंड दाराकडे होतं.

१० एप्रिल, बुधवार

आठवडा झाला दोघं घरी येऊन. सून गोळ्या घेते, पुष्कळ झोपते, थोडं बोलते. पोराला ती अजून न सांगताच घेते. मी बघते आणि जीभ दातांत धरते. मला ते जमतं हे मला माहीत नव्हतं.

आज बाई आली ती बाहुला न्यायला. मी तो स्वच्छ धुऊन वाळवून ठेवला होता. बाईने सवयीने तळवा बघितला. "शिक्का कुठे गेला?"

"मी घासला," सून म्हणाली. आवाज साधा. "आणि दुसरा मी काढत होते. रोज."

"माहीत आहे," बाई म्हणाली. "केंद्रात नवा मारू."

बाहुला पिशवीत गेला. बाईने चेन ओढायला घेतली तसा सुनेचा हात पुढे आला आणि हवेत थांबला. "थोडी उघडी ठेवा."

मी बाईकडे बघितलं. बाईने वाद घातला नाही. चार बोटं उघडी ठेवून पिशवी खांद्याला लावली. जिन्यावरून पावलं खाली गेली. सून कान देऊन उभी.

"रडला नाही," ती म्हणाली.

आणि आमचा तेव्हाच रडायला लागला. भोंगा तो. सून पाळण्यापाशी गेली, वाकली, हात लांब केले, आणि तशीच राहिली. पोरगं लाल झालं, हातपाय झाडायला लागलं, तरी मी माझ्या जागेवरून हलले नाही. उभ्या जन्मात मी इतकं अवघड काम केलेलं नाही.

"उचलते हं तुला," ती म्हणाली.

उचललं. तो लगेच गप्प झाला नाही, तसली पोरं आमच्यात होत नाहीत. पण ती त्याला घेऊन खिडकीत गेली आणि त्याला काहीतरी सांगत राहिली. मला ऐकू आलं नाही. ते माझ्यासाठी नव्हतं.

आत्ता मघाशी म्हणाली, "आई, ती वही माझी होती ना?"

म्हटलं, "होती. मी भरून टाकली. मागे थोडी कोरी पानं आहेत."

"आणि पेन?" तिने हात पुढे केला.

मी तिच्याकडे बघितलं. तिनेही माझ्याकडे बघितलं. मी काय विचार करते आहे ते तिला कळलं, आणि कळलं तरी तिने हात मागे घेतला नाही, पसरूनच ठेवला.

ही ओळ संपली की पेन तिला देते. पोराच्या पायांत मोजे घातले आहेत. ते मात्र मी घातले, गाठ मारून.